तस्तापासून खांबाच्या बेसिनपर्यंत

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया, तह आणि तट उभे राहतात. आपल्या शहरात तर ते नुसते डोळ्यांपुढे उभे राहत नाहीत, वाटेतच उभे असतात. बाजारात जावयाचे तर एका दरवाजातून आणि परत यावयाचे तर दुसऱ्या दरवाजातून, अशी आपली रीत आहे. अशा शहरात, वसंत ऋतूतील ज्ञानसत्राच्या व्यासपीठावरून, आम्ही हात धुण्याच्या जागेचा इतिहास सांगावयास निघालो आहोत, याचे काही श्रोत्यांना हसू येईल. त्यांनी खुशाल हसावे. आमची विनंती इतकीच, की हसून झाल्यावर थोडे ऐकावे.

घराची दुरुस्ती निघाली की अलीकडे एक प्रश्न हटकून पुढे येतो. न्हाणीघरातील कपाटाचे बेसिन ठेवावे, की ते काढून खांबावरचे बेसिन बसवावे? पहिल्याला दुकानदार ‘व्हॅनिटी’ म्हणतात. एक बंद कपाट, त्याच्या माथ्यावर दगडाची किंवा लाकडाची फळी, फळीत बसवलेले भांडे. नळ्या, सांधे, साबणाच्या वड्या, फिनेलच्या बाटल्या हे सारे कपाटाच्या पोटात. दुसऱ्याला ‘पेडेस्टल’ म्हणतात. चिनी मातीचे भांडे, त्याखाली चिनी मातीचाच एक खांब, आणि बाकी सगळी जमीन मोकळी. प्रश्न वरवर पाहता आवडीनिवडीचा आहे. परंतु त्याच्या मुळाशी गेले म्हणजे एक फार जुना वाद हाती लागतो. आपण वापरून टाकलेले पाणी कोठे जाते, ते डोळ्यांना दिसावे की झाकावे? हा वाद एका न्हाणीघराचा नाही. तो घरांचा आहे, शहरांचा आहे आणि माणसामाणसांतील नात्यांचाही आहे.

सुरुवात तस्तापासून करू. हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि येथलाच होऊन राहिला. तस्त म्हणजे हात धुण्याचे, चूळ भरण्याचे धातूचे रुंद भांडे. जेवण झाले की मोठ्या घरातील पाहुण्यांना उठून मोरीपर्यंत जावे लागत नसे. एक जण तस्त पुढे धरी, दुसरा झारीने हातावर पाण्याची धार सोडी. दख्खनच्या मुसलमानी उमराव घरांत याच जोडीला आफताबा व चिलमची म्हणत. बीदरच्या कारागिरांनी काळ्या धातूवर चांदीचे काम करून घडवलेल्या अशा जोड्या आज वस्तुसंग्रहालयांत मांडलेल्या आढळतात. त्या पाहताना चिलमचीच्या झाकणाकडे मुद्दाम लक्ष द्यावे. ते जाळीचे असते. हातावरून पडलेले पाणी जाळीतून खाली उतरते आणि दिसेनासे होते. खरकटे पाणी पाहुण्याच्या नजरेस पडू नये, एवढ्यासाठी ही योजना. म्हणजे आजच्या कपाटाच्या बेसिनचे बीज त्या नक्षीदार जाळीतच आहे. फरक इतकाच, की चिलमचीतील पाणी नोकराला उचलून बाहेर नेऊन टाकावे लागे. पाहुण्याला न दिसणारे पाणी दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असेच.

सामान्य माणसाच्या घरी ही ऐट कोठली? तेथे होती ती मोरी. स्वयंपाकघराच्या किंवा पडवीच्या कोपऱ्यात फरशी बसवलेली, दोन-चार बोटे उंच कठड्याची, एका बाजूस उतार दिलेली जागा. तेथेच हात धुवावयाचे, भांडी विसळावयाची, लहान मुलाला न्हाऊ घालावयाचे. पाणी भिंतीतल्या भोकातून परसात जाई. परसात अळू आणि केळ. ज्या घरची केळ माजलेली त्या घरी माणसांचा राबता मोठा, असे न विचारता समजे. वापरलेल्या पाण्याचा हिशेब घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ होता, कारण ते सर्वांच्या देखत वाहत होते. मोरी तुंबली तर सांगावे लागत नसे. अळू वाळले तर कारण शोधावे लागत नसे.

परंतु ही व्यवस्था सर्वार्थाने चांगली होती असे म्हणणे खोटे ठरेल. वाडा एकटा असतो तोवर परसातली मोरी शोभते. वाड्याला वाडा लागला, परस गेले, पाणी गल्लीत आले, की त्याच मोरीची डबकी होतात. 1896 साली मुंबईत प्लेग आला तेव्हा दाट चाळींतील अंधाऱ्या मोऱ्या आणि ओलसर खोल्या हा मोठाच प्रश्न होऊन बसला, आणि 1898 साली शहरसुधारणेसाठी स्वतंत्र ट्रस्ट स्थापावा लागला. उघडे म्हणजे आपोआप स्वच्छ, असा नियम नाही. उघडे म्हणजे निदान डोळ्यांना दिसणारे, एवढेच.

आता पाणी जाण्याची कथा थोडी थांबवून ते येण्याच्या कथेकडे वळू, कारण या बाबतीत आपल्या शहराचा अभिमान रास्त आहे. मलिक अंबरने 1610 साली खडकी वसवली तेव्हा येथे बारमाही मोठी नदी नव्हती. खाम नदी पावसाळ्यात धावे आणि उन्हाळ्यात आटे. उत्तरेच्या डोंगरांत मुरलेले पाणी मात्र जमिनीखाली होते. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मलिक अंबरने हे पाणी जमिनीखालच्या बांधीव वाटेने शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी. तिच्यासाठी पंप लागला नाही, मोट लागली नाही, बैल लागला नाही. डोंगर उंच, शहर सखल, आणि मधला उतार बेतशीर राखलेला. एवढ्या भांडवलावर पाणी आपण होऊन चालत आले. ठिकठिकाणी ते हौदांत पडे, आणि मोहल्ल्यातील लोक तेथून भरून नेत. पुढे थत्ते नहर, पाणचक्कीची नहर अशा आणखी नहरी झाल्या. आपल्याच मराठी मुलुखातील पुण्यालाही नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजहून असेच पाणी आणले आणि शहरात हौद बांधले.

पाणचक्कीला तर आपण शाळेच्या सहलीपासून जात आलो आहोत. बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याकडून आलेले सत्पुरुष. त्यांच्या दर्ग्याला लागून तुर्कताज खानाने 1744 साली ही चक्की उभी केली. डोंगरातील पाणी मातीच्या नळांतून आणून एका उंच भिंतीवर चढवले, तेथून ते खाली हौदात कोसळते आणि त्याच पाण्याच्या जोरावर खालचे चक्र फिरून दळण होई. यात्रेकरूंचे, फकिरांचे, सैनिकांचे पीठ या पाण्याने दळले. पाणी आपली पातळी आपण शोधते, हा पाठ शास्त्राच्या पुस्तकात वाचण्याआधी येथल्या मुलाने डोळ्यांनी पाहिलेला असतो.

या नहरींची गोम एका गोष्टीत होती. त्यांची वाट जमिनीखाली होती खरी, परंतु ती विसरू दिलेली नव्हती. वाटेवर जागोजाग उसासे होते, मनोरे होते, उतरून गाळ काढण्याजोगी तोंडे होती. झाकलेल्या वाटेकडे पाहता येईल अशी सोय बांधणाऱ्यांनी ठेवलेली होती. ती पाहणारी माणसे असेपर्यंत नहर चालली. 1763 साली निजाम अलीने राजधानी हैदराबादला हलवली. शहराची वस्ती व मिळकत दोन्ही ओसरली आणि नहरींची देखभालही ढिली पडली. विसाव्या शतकात शहर पुन्हा वाढले तेव्हा जुन्या वाटांच्या माथ्यावर घरे, रस्ते आणि विंधन विहिरी आल्या. ज्याच्या पायाखाली नहर होती त्याला ती ठाऊकच नव्हती. नहर मोडण्यासाठी कोणी शत्रू यावा लागला नाही.

परंतु हौदाच्या पाण्याची ही कथा येथेच संपवली तर ती अर्धवट राहील. हौद दिसत होता, पाणी दिसत होते. त्या पाण्याने हात कोणी धुवावेत, हेही दिसत होते. 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्यावर काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. आपल्या उंबरठ्याशी घडलेला प्रसंग मात्र पुष्कळांना ठाऊक नसतो. 1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या तीसएक सहकाऱ्यांसह वेरूळच्या लेण्यांच्या प्रवासाला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा असे ठरले. दिवस रमजानचे होते. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेला एक लहान हौद, त्याच्या भोवती फरसबंदी. प्रवासाच्या धुळीने अंग माखलेले. मंडळींपैकी काहींनी त्या फरशीवर हातपाय व तोंड धुतले आणि सारे दरवाजाकडे गेले. तेवढ्यात एक वृद्ध गृहस्थ हौद बाटवल्याची ओरड करीत मागून धावत आला. पाहता पाहता जमाव जमला, शिव्याशाप झाले, प्रकरण हातघाईवर येते की काय अशी वेळ आली. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, ती आत कोठेही पाण्याला स्पर्श करावयाचा नाही या अटीवर. आणि ती अट पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी बरोबर एक हत्यारबंद शिपाई देण्यात आला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. एका धर्माच्या लोकांनी अस्पृश्य ठरवलेला माणूस दुसऱ्या धर्माच्या लोकांनाही अस्पृश्यच वाटतो, हे त्यांना त्यातून दाखवावयाचे होते.

हात धुण्याच्या जागेचा इतिहास क्षुल्लक आहे असे ज्यांना वाटते त्यांनी दौलताबादच्या त्या फरशीपाशी घटकाभर उभे राहावे. ओंजळभर पाण्याने तोंड धुतले, यापलीकडे त्या मंडळींचा अपराध काय होता? याच बाबासाहेबांनी 1950 साली आमच्या याच शहरात महाविद्यालय सुरू केले, आणि ज्यांच्या वाडवडिलांना हौदाशी मज्जाव होता त्यांची मुले तेथे शिकली. घराघरांत नळ येणे, त्या नळाखाली आपले स्वतःचे बेसिन असणे, याचा अर्थ या पार्श्वभूमीवर समजून घेतला पाहिजे. भिंतीतून येणारा नळ जात विचारत नाही. तो बंद नळीतून येतो आणि त्या नळीशी कोणी पहारेकरी बसलेला नसतो. जुन्या हौदांचे गोडवे गाताना ही गोष्ट विसरणे म्हणजे इतिहासाची अर्धीच बाजू सांगणे होय. पाण्याची वाट उघडी असावी असे आम्ही म्हणतो. परंतु त्या पाण्याशी जाण्याची वाटही सर्वांना उघडी असली पाहिजे.

आता थोडे दूर, इंग्लंडात जाऊ. कारण आजचे बेसिन आपल्याकडे आले ते तिकडून. तेथेही पूर्वी तस्त-झारीचाच प्रकार होता. निजण्याच्या खोलीत लाकडी घडवंची, तिच्यावर चिनी मातीचे भांडे व पाण्याची सुरई. गरम पाणी मोलकरणीने वर आणावयाचे आणि सांडपाणी तिनेच खाली न्यावयाचे. एकोणिसाव्या शतकात घरांत नळ आले. तेव्हा लोकांनी साहजिकच जुन्या घडवंचीलाच नळ जोडला. भांडे संगमरवरी फळीत बसवले आणि नळ्या दिसू नयेत म्हणून खाली शिसवी दारांचे कपाट केले. श्रीमंत घरांत ते मोठे भूषण समजत.

भूषणाला भीतीने घेरले ते थोड्याच वर्षांत. गटारातील दूषित हवेनेच रोग होतात, अशी तेव्हा डॉक्टरांचीही समजूत होती. 1854 साली डॉ. जॉन स्नो यांनी लंडनच्या एका पंपाच्या पाण्यावरून पटकी पसरल्याचे दाखवले, तरी ती समजूत लगेच गेली नाही. 1871 साली युवराज एडवर्ड विषमज्वराने मरणाच्या दारी गेले आणि ते ज्या घरी पाहुणे होते तेथील गटाराला दोष देण्यात आला. राजवाड्याच्या वारसाला गटार सोडीत नाही, मग आपली काय कथा, असे लोकांना वाटले. घरोघर मंडळी न्हाणीघरातील शिसवी कपाटे उघडून पाहू लागली. आत काय होते? गळके सांधे, कुजलेले लाकूड, बुरशी आणि कोंदट वास. पुढे 1880 नंतरच्या काही वर्षांत विषमज्वराचा जंतू दिसला, कॉख यांनी पटकीचा जंतू ओळखला तो तर आपल्या कलकत्त्यात, आणि रोगाचे खरे कारण हवेत नसून जंतूंत आहे हे सिद्ध झाले. कारण बदलले, पण उपाय तोच राहिला. नळ्या उघड्या ठेवा, लाकूड काढून टाका, पांढरी व गुळगुळीत चिनी माती वापरा, म्हणजे मळ लपणार नाही आणि गळती झाली तर त्याच दिवशी कळेल. भांड्याखालचे कपाट गेले आणि त्याच्या जागी खांब आला. तात्पर्य, खांबाचे बेसिन शोभेसाठी जन्मास आले नाही. कपाटाच्या पोटात काय चालले आहे याच्या धास्तीतून ते आले.

आपल्याकडे बेसिन पहिल्याने आले ते साहेबांच्या बंगल्यांत आणि रेल्वेच्या प्रतीक्षालयांत. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे 1900 च्या सुमारास औरंगाबादला पोहोचली. पुढे उपाहारगृहांत भिंतीला लावलेले पांढरे बेसिन दिसू लागले. घरांत ते फार उशिरा शिरले. आणि शिरले तेही आपल्या रीतीने. इंग्रजांचे बेसिन न्हाणीघरात असते, आपले पुष्कळ घरांत जेवणाच्या खोलीच्या कोपऱ्यात आले. कारण उघड आहे. आपण हाताने जेवतो. तस्ताची जागा बेसिनने घेतली ती जेवणाच्या पंक्तीशेजारीच.

मोरीनेही आपला हक्क पुरता सोडला नाही. आजही बांधकामाच्या पुस्तकांत आणि नळजोडाऱ्यांच्या तोंडी न्हाणीघराच्या फरशीतील सापळ्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. इंग्रजी पुस्तकांतही हा आपला शब्द तसाच छापलेला सापडतो. या सापळ्याचे तत्त्व सोपे आहे. नळीला वाक द्यावयाचा, त्या वाकात दोन इंच पाणी सदैव अडून राहते, आणि ते पाणीच गटाराच्या वासाला व किड्यांना दार बंद करते. अलेक्झांडर कमिंग या लंडनच्या घड्याळजीने 1775 साली असा वाक शौचकूपाला बसवून त्याचे पेटंट घेतले होते. दोन इंच पाणी घराचे रक्षण करते. पण ते आटले की रक्षण संपले. पाण्याच्या टंचाईत न वापरलेल्या न्हाणीघरातून वास येतो तो यामुळेच.

टंचाईचा शब्द निघाला म्हणून आपल्या नळाचा प्रवासही सांगितला पाहिजे. स्वातंत्र्योत्तर काळात शहर वाढले. चिकलठाण्याला कारखाने आले, 1972 पासून सिडकोने नवे शहर आखले, आणि नहरींचे व हर्सूल तलावाचे पाणी अपुरे पडले. पैठणजवळ जायकवाडी धरणाची कोनशिला 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली, आणि 1976 साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. तेव्हापासून शहराची तहान नाथसागरावर अवलंबून राहिली. नाथसागराची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून 1,522 फूट. शहर सुमारे 1,850 फुटांवर. म्हणजे आपल्या बेसिनच्या नळातून येणारे पाणी तीनशेहून अधिक फूट वर चढून आलेले असते, तेही कित्येक कोस दुरून आणि विजेच्या बळावर. मलिक अंबरचे पाणी उतरून येई, आमचे पाणी चढून येते. उतरणारे पाणी फुकट चालते. चढणाऱ्या पाण्याच्या प्रत्येक तांब्याला वीज लागते. या शतकाच्या पहिल्या अडीच दशकांत शहराच्या कितीतरी वस्त्यांत नळाला रोज पाणी आले नाही; चार-चार, आठ-आठ दिवसांची वाट पाहावी लागली. 12 डिसेंबर 2020 रोजी 1,680 कोटी रुपयांच्या नव्या पाणीयोजनेचे भूमिपूजन झाले ते याच हालांमुळे. अशा शहरात बेसिनखालची एक बारीक गळती म्हणजे केवळ ओल नव्हे. ती नाथसागरापासून चढवून आणलेल्या पाण्याची नासाडी आहे.

येथे आपण पुन्हा कपाटाशी येऊन पोहोचतो. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत रोगांची धास्ती ओसरली, चकचकीत पत्रे चिकटवलेल्या फळ्या स्वस्त झाल्या, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वी हाकलून दिलेले कपाट बेसिनखाली पुन्हा आले. त्याला नाव मिळाले व्हॅनिटी. या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ पोकळ डौल असा आहे. यथावकाश ते आपल्याकडेही आले. नवीन असते तोवर कपाट सुरेख दिसते. मग एखादा सांधा पाझरू लागतो. दार बंद, पाहतो कोण? आतील प्लायवूड फुगते, कडा सुटतात, झुरळे संसार थाटतात. एके दिवशी शेजारच्या खोलीच्या भिंतीचे पोपडे निघतात, आणि तेव्हा कोठे कपाटाचे दार उघडले जाते.

कपाट काढून खांब बसवावयाचा असेल तर काही गोष्टी आधी पाहाव्यात. पुष्कळदा कपाटाखाली फरशी बसवलेलीच नसते आणि मागील भिंत उघडी असते. ती भरण्याचा खर्च धरावा. पाणी येणाऱ्या आणि जाणाऱ्या नळ्यांची तोंडे कपाटाच्या सोयीने एका कडेला असतात. ती खांबामागे मध्यावर आणावी लागतात. नळ्या सरकवण्याआधी मुख्य चावी बंद होते की नाही हे तपासावे. आणखी एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. खांब बेसिनचा सारा भार घेतो असे लोकांस वाटते. वस्तुतः पुष्कळ बेसिने भिंतीत रोवलेल्या बोल्टांवरच तोललेली असतात. खांब खालून हातभार लावतो आणि नळी झाकतो. भिंत पोकळ विटेची असेल तर तिला आधी बळकटी द्यावी. भांड्याचा काठ जमिनीपासून साधारण बत्तीस-तेहतीस इंचांवर येतो. घरात लहान मुले किंवा वृद्ध असतील तर त्यांच्या सोयीने आधी मापून पाहावे.

कोणी म्हणेल, कपाट गेले तर साबण, तेल, औषधे ठेवावीत कोठे? दोन खोल्यांच्या घरात ही अडचण खरी आहे आणि तिची थट्टा करणे बरे नाही. त्यावर उपाय, सामान भिंतीवर वरच्या अंगास न्यावे. पाण्याच्या वाटेवर ठेवू नये. दुसरा म्हणेल, खांबसुद्धा नळी झाकतोच की! आक्षेप बरोबर आहे. समोरून पाहणाऱ्याला नळी दिसत नाही. परंतु तो मागून उघडा असतो, वाकून हात घालता येतो, आणि गळालेला थेंब सरळ फरशीवर येऊन घरच्या माणसाला हाक मारतो. नहरीच्या उसाशांसारखाच हा प्रकार आहे. झाकावे, पण पाहावयास जागा ठेवावी.

घराच्या कपाटाहून मोठे असे शहराचेही एक कपाट असते. बेसिनमधून गेलेले पाणी भिंतीआड गेले, गल्लीखाली गेले, की आपण हात पुसून मोकळे होतो. ते पाणी पुढे खाम नदीला मिळते, आणि कित्येक वर्षे या शहराने आपल्या नदीला नाला म्हणून ओळखले. जमिनीखालची ती वाट तुंबते तेव्हा तेथे कोणीतरी उतरावे लागते. पूर्वी चिलमचीतील पाणी उचलून नेणारा नोकर निदान दाराआड उभा असलेला दिसे. गटारात उतरणारा माणूस कोणालाच दिसत नाही. 2013 साली देशाने कायदा करून हाताने मैला साफ करवून घेण्यास आणि संरक्षणाच्या साधनांविना माणसाला गटारात उतरवण्यास बंदी घातली. तरी माणसे गुदमरून मरत राहिली. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूस दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली; 2023 साली ती तीस लाख करावी लागली. भरपाई वाढवावी लागते याचा अर्थ मृत्यू थांबलेले नाहीत. आणि या कामाला कोणत्या घरांतील माणसे लावली जातात, हे दौलताबादचा प्रसंग ऐकलेल्या श्रोत्यांना निराळे सांगावयास नको. पाण्याजवळ येऊ नका असे ज्यांना सांगितले, त्यांच्याच मुलानातवंडांना आपण सांडपाण्यात उतरवले. झाकलेल्या वाटेची ही खरी किंमत आहे.

म्हणून या लहानशा प्रश्नाचे आमचे उत्तर असे. ज्यांना परवडेल आणि ज्यांचे कपाट पाझरू लागले असेल, त्यांनी ते जरूर काढावे आणि खांबाचे बेसिन बसवावे. ज्यांना कपाट ठेवणेच सोयीचे असेल त्यांनी महिन्यातून एकदा दार उघडून दिव्याच्या उजेडात सांध्यांवरून हात फिरवावा. घरातील मुलांना एकदा तरी सांगावे, की हे पाणी पैठणहून आले आणि खामेकडे चालले. निवडणुकीत मते मागावयास येणाऱ्यांना नळ कधी येणार हे आपण विचारतोच. त्याबरोबर सांडपाणी कोठे जाते आणि तेथे कोण उतरतो, हेही विचारावे. चारशे वर्षांपूर्वी या शहरासाठी नहर खणणाऱ्यांनी जमिनीखालच्या वाटेला जागोजाग डोळे ठेवले होते. ते डोळे आपण बुजवले. पुन्हा उघडणे आपल्याच हातात आहे.